तोंडचं पाणी

सौंसरहून लोधीखेड्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे. गेल्या वर्षापर्यंत तिथं शेळ्या बसायच्या. आता दर गुरुवारी माणसं बसू लागली होती, आणि शेळ्यांपेक्षा जास्त मुकाट्यानं. पत्र्याखाली हिरवी जाळी, तीन कूलर, दोन भोंगे आणि मधोमध गादीवर शोषनाथ महाराज. नावात एक 'ण' तेवढा कमी होता. तो भक्तांनी आपल्या पदरचा घालायचा.

बाकीचे बाबा मूल देतात, नोकरी देतात, जमिनीतलं धन दाखवतात. शोषनाथ महाराज असल्या घासून गुळगुळीत झालेल्या धंद्यात पडले नव्हते. त्यांचं खातं एकच, ऑपरेशन. ज्याचं ऑपरेशन ठरलंय त्यानं यायचं, मनगटाला गंडा बांधून घ्यायचा, प्रसादाचा पुडा न्यायचा. टेबलावर महाराज स्वतः हजर होणार. चेहरा डॉक्टरचा दिसेल, पण हात महाराजांचा चालेल. आणि आपण आलो याची खूण ते आधीच सांगून ठेवत. लोक भुलले होते ते या छातीठोकपणाला.

"मी आलो हे तुमी ओयखसाल कसे?" महाराज माइक ओठांना लावून विचारत. "सांगतो. टेबलावर निजले का पयले मी तुमच्या तोंडाचं पानी पिऊन टाकतो. जीभ टायूले चिपकली का समजजा, महाराज दरवाज्यात उभे हायेत. मंग छातीत डफडं वाजन. समजजा, महाराज उशाशी बसले. अन् त्याच्या पुढचं तुमाले एक अक्षर याद रायनार नाई. काहून? कारन का त्या टाइमले तिथं तुमी नाई रायत. मी रायतो!"

"जय शोषनाथ!" पत्रे थरथरले.

मग साक्षी सुरू होत. तिगावचे बापूजी हर्नियाचं ऑपरेशन करून आले होते. ते काठी टेकत उठले आणि म्हणाले, "बिलकुल तसंच झालं. जीभ चिपकली, छाती वाजली, अन् डोये उघडले तं मी वार्डात! मधातलं काईच याद नाई." बापूजी खोटं बोलणारा माणूस नव्हता. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या.

तिसऱ्या ओळीत बसलेल्या पंचफुलाबाईंनीही लावला. त्यांच्या पित्ताच्या थैलीत खडे होते आणि दोन महिन्यांपासून त्या ऑपरेशनला 'आज नाई, उद्या' करत होत्या. खरं तर त्यांना दूर जायची गरजच नव्हती. शेजारी बसलेली त्यांची सून अमिता पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात सोळा वर्षांपासून ऑपरेशन थेटरची सिस्टर होती. पण पिकतं तिथं विकत नाही. सुनेनं हजारदा सांगितलं की घाबरायचं कारण नाही, तर सासूबाई म्हणायच्या, तुले काय, तू कापनाऱ्याच्या बाजूनं उभी रायतं.

अमिता ऐकत होती आणि तिचे कान टवकारत चालले होते. तोंडाला कोरड, छातीत धडधड, मग विसर. हा तर तिचा रोजचा ट्रे होता! भूल देण्याआधी पेशंटला जी इंजेक्शनं देतात, त्यांचे परिणाम महाराज ओळीनं वाचून दाखवत होते, तेही क्रम न चुकता.

"आई," ती कानाशी लागली, "हे तं इंजेक्शनानं होते. मी सोळा वर्षांपासून देऊन राहिली."

"चूप! महाराज पाहून राहिले," सासूबाईंनी कोपर मारलं.

पंचफुलाबाईंचा नंबर आला. महाराजांनी त्यांचा हात हातात घेतला, काळा दोरा बांधला आणि बांधता बांधता तळहाताच्या मागच्या बाजूला दोन बोटांनी टप्‌ टप्‌ थोपटलं. अमिता बघतच राहिली. शीर फुगून वर यावी म्हणून हात असा थोपटतात. हिमालयात तप केलं म्हणून सांगणाऱ्याला ही सवय कुठून लागली?

"आपरेशनच्या दिवशी सकाऊन हा परसाद घेजा," महाराज म्हणाले आणि पुडा दिला. "दुधासंग. शेंगदान्याचे लाडू हायेत, उपासाले चालतात. परसादाची गिनती खान्यात होत नाई. डॉक्टरले सांगाची काई गरज नाई."

यातलं काहीच अमिताच्या कानावर आलं नाही, कारण मागची बाई तिला ढकलून पुढे घुसत होती.

एक मात्र झालं. परत येताना बसमध्ये सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "लाव मंग उद्याचंच आपरेशन." अमितानं बाबाला मनातल्या मनात माफ करून टाकलं. भीती गेली ना, दोऱ्यानं का होईना! आपल्यातले बरेच शिकलेले लोक असंच म्हणतात आणि तिथंच फसतात.

रात्री तिनं नवऱ्याला, भूपेंद्रला, आईचे कागद काढून ठेवायला सांगितले आणि सासूबाईंना बजावलं, "आई, उद्या सकाळी उपास बरं! कडक!"

"हाव वो, कडकच करीन," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात एक एकादशी चुकवली नव्हती.

सकाळी सहाला अमिता ड्यूटीवर गेली.

भूल देणाऱ्या प्रणाली मॅडम दर मंगळवारी आणि शुक्रवारी नागपूरहून येत. त्या दिवशी वॉर्डातल्या नव्या सिस्टरनं पेशंटला विचारलं, "आजी, उपास आहे ना?" आजी म्हणाल्या, "हाव, कडक." फॉर्मवर बरोबरची खूण झाली. साडेदहाला पंचफुलाबाई टेबलावर होत्या, मनगटावरचा गंडा पट्टीखाली झाकलेला. प्रणाली मॅडमनी सलाइनच्या नळीतून पहिलं इंजेक्शन दिलं. तोंडातली लाळ आटावी, म्हणजे घशात नळी घालताना ती आडवी येऊ नये, यासाठी असतं ते.

दोन मिनिटं गेली आणि पंचफुलाबाईंचा चेहरा उजळला.

"आले!" त्या ओरडल्या. "जीभ चिपकली वो! महाराज आले! छाती पाय कशी वाजून रायली! माहा उपास फयाले आला!"

सर्जन मास्कमध्ये हसले. अमिताही हसत होती. विसर पाडणारं पुढचं इंजेक्शन तिच्या हातात तयार होतं. ते ती मॅडमच्या हाती देणार, तेवढ्यात 'उपास' हा शब्द तिच्या डोक्यात कुसळासारखा रुतला. आणि तिनं एक प्रश्न विचारला. दुसऱ्या मुलुखात असं विचारणाऱ्याला लोक वेड्यात काढतील, आपल्याकडे घरोघरी विचारतात.

"आई, उपासाला काय खाल्लं?"

"काईच नाई वो. वाटीभर साबुदान्याची उसय. दोन लाडू परसादाचे. अन् पेलाभर दूध."

प्रणाली मॅडम टेबलाशी वाकल्या.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"आठ वाजता. इथं याच्या आंधी."

अमितानं हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. गाढ भुलीत माणसाचा घसा पहारा देत नाही. पोटातलं अन्न उलटून वर येतं आणि सरळ फुप्फुसात उतरू शकतं. अडीच तासांपूर्वीचा साबुदाणा, शेंगदाणे आणि दूध! आणखी दोन मिनिटांत तिची सासू झोपली असती आणि उठलीच असती असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं. महाराज दारात उभे आहेत म्हणून म्हातारी हसत होती, आणि दारात खरं कोण उभं होतं ते अमिताला दिसत होतं.

ऑपरेशन थांबलं. मंगळवारवर गेलं.

अमिताला महाराजांचा जितका राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला. 'उपास' हा शब्द तिनंच वापरला होता. 'पोट रिकामं ठेवा, पाणीसुद्धा विचारून प्या', एवढं सरळ बोलायला किती वेळ लागला असता? पण मराठी माणसाला उपास सांगितला की तो उपाशी राहत नाही, रोजच्यापेक्षा जड खातो. हे तिला माहीत नव्हतं का?

घरी आल्यावर मात्र पंचफुलाबाईच रुसल्या. "महाराज दारात येऊन उभे होते. तुमी लोकायनं त्यायले वापस धाडलं. आता मी नाई येत त्या थेटरात."

"आई, जीव वाचला तुहा," भूपेंद्र म्हणाला.

"तू चूप बैस. तू तिच्याच बाजूनं बोलतं."

भूपेंद्रनं आईचे कागद पुन्हा कपाटात ठेवले. त्याला याची सवय होती.

रविवारी दुपारी कळ आली. पंचफुलाबाई पोट धरून खाटेवर आडव्यातिडव्या लोळत होत्या, घामानं लुगडं भिजलं होतं, पण तोंडात एकच, महाराजायले बलवा. डॉक्टरनं दुखणं थांबवायला औषध दिलं आणि बजावलं, आता टाळलंत तर थैली सडेल. संध्याकाळी कळ उतरली तेव्हा अमिता पायाशी बसली.

"आई, चूक माही होती. उपास म्हणायला नको होतं मी. पण एक गोष्ट सांगा. संत्र्याचा व्यापारी म्हणते, दोन्ही ढीग सारखेच. तुम्ही मानता?"

"मी काहून मानू? मी दोन हातात दोन संत्रे घेतो. जे जड, थे रसाचं. हलकं थे भेंड."

"मग महाराजायलेही तसंच तोलून पाहा ना. मंगळवारी मॅडम दोन सुया देतील. एकीत निस्तं मिठाचं पाणी, सलाइनमधलं. दुसरीत औषध. पहिली कोणती, ते तुम्हाला कोणी सांगणार नाही. जीभ चिकटली का तुम्ही सांगजा. महाराज खरे असतील तर त्यांना सुईचं काय? ते केव्हाही येतील."

कुणी नुसतं 'विश्वास ठेवा' म्हटलं असतं तर पंचफुलाबाईंनी कूस बदलली असती. पण पारख म्हटल्यावर त्यांच्यातली संत्र्याची बागवाली जागी झाली.

"गंडा हातात राहू द्याचा," त्या म्हणाल्या.

"राहू द्या."

"अन् तू तिथं नाई थांबाचं. तुह्या तोंडावरून मले समजते."

मंगळवारी पोट खरोखर रिकामं होतं. दारामागे अमिता कान लावून उभी होती. प्रणाली मॅडमनी दोन्ही सुया रुमालाखाली ठेवल्या आणि पहिली दिली. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. पंचफुलाबाईंनी जीभ बाहेर काढून बोट लावून पाहिलं. ओली.

"रस्त्यात असतीन," त्या म्हणाल्या. "सौंसरहून याले टाइम लागते."

आणखी पाच मिनिटं वाट पाहिली. सौंसरहून कुणी आलं नाही. मग मॅडमनी दुसरी सुई दिली. दोन-तीन मिनिटांतच पंचफुलाबाईंचे ओठ एकमेकांना चिकटायला लागले आणि छातीत डफडं सुरू झालं. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. छताकडे पाहत पडून राहिल्या.

"बाई, ह्या दुसऱ्या सुईत काय होतं?"

"औषध, आजी."

"अन् पयलीत?"

"मिठाचं पाणी."

"मंग महाराज सुईतून येते?"

"हो."

"मंग ह्या गंड्यात काय हाय?"

"दोरा."

पंचफुलाबाईंनी डोळे मिटले. "द्या मंग तुमची तिसरी सुई," त्या म्हणाल्या. त्या तिसऱ्या सुईनंतरचं त्यांना काही आठवत नाही, ते औषध असतंच त्यासाठी. आधीचं सगळं मात्र त्यांना अक्षरन्‌अक्षर आठवतं, आणि ऐकणाऱ्याला ते किमान तीनदा ऐकावं लागतं.

दुसरीकडे अमितानं प्रसादाचा पुडा मॅडमना दाखवला होता, आणि 'डॉक्टरला सांगू नका' हे सासूबाईंकडून कळलेलं महाराजांचं बोलणंही त्यांच्या कानावर घातलं होतं. पुड्यावर महाराजांचा रंगीत फोटो होता. मॅडमनी तो खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला.

"दाढी काढली तर हा शालिकराम आहे," त्या म्हणाल्या. "मी शिकत होते त्या कॉलेजच्या थेटरात अटेंडंट होता. दहा-अकरा वर्षं नोकरी केली त्यानं तिथं. मी सुई भरायचे, हा पेशंटचा हात धरायचा, टप्‌ टप्‌ करून. कोणत्या सुईनंतर पेशंट काय म्हणतो ते त्याला पाठ होतं."

टाके निघाल्यानंतरच्या गुरुवारी सासू, सून आणि प्रणाली मॅडम अशा तिघी जिनिंगवर गेल्या. पंचफुलाबाईंनी साक्ष द्यायची आहे म्हणून सांगितलं. पांढुर्ण्याहून साक्ष आली म्हटल्यावर सेवेकऱ्यानं माइक आनंदानं हातात दिला.

"माह्या थैलीचं आपरेशन झालं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "जीभ चिपकली. छाती वाजली."

"जय शोषनाथ!"

"थांबा न, पुरं तं आयका!" मग त्यांनी दोन सुयांची गोष्ट सांगितली. सांगताना एक हात वर, एक खाली, तागडीसारखे. गर्दीत आधी खुसपूस झाली आणि मग सगळे ऐकू लागले, कारण गोष्ट साधी होती.

महाराज गादीवरून गोड हसले. "माय, तुह्या मनात शंका आली. जिथं शंका, तिथं मी येत नाई."

"शंका तं मले मागून आली!" पंचफुलाबाई म्हणाल्या. "मिठाच्या पान्याच्या टाइमले पुरा इश्वास होता. दहा मिनिट मी तुमची वाट पाह्यली, गंडा घालून. तवा तुमी कुठं होते? अन् आता राहू द्या मले. हे हजार लोकं बसून रायले इश्वासानं. सुई न देता ह्यातल्या एकाच्या तोंडाचं पानी पिऊन दाखवा."

महाराजांनी डोळे मिटले. ध्यानाला बसण्याची वेळ त्यांना नेमकी आताच आठवली. तेवढ्यात मागून, ज्या सुरात थेटरात हाक मारतात त्या सुरात, एका बाईचा आवाज आला.

"शालिकराम! ट्रे!"

"जी मॅडम!" महाराज अर्धे उठले.

मग उठलेले तसेच राहिले. भोंग्यांतून ते 'जी मॅडम' लोधीखेड्याच्या रस्त्यापर्यंत गेलं होतं. पुढच्या ओळीतले बापूजी पहिल्यांदा हसले, आणि मग हसू पत्र्याखाली असं पसरलं की कूलरचा आवाज ऐकू येईना. महाराजांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. कुठलीही सुई न घेता त्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

प्रणाली मॅडम मात्र हसल्या नाहीत. "लोकांना फसवलंस, ते हे लोक बघून घेतील," त्या म्हणाल्या. "पण रिकाम्या पोटाचा नियम तुला माहीत होता. तू स्वतः पेशंटला विचारायचास, सकाळपासून काय खाल्लं म्हणून. आणि तूच लाडू दिलास, आणि डॉक्टरला सांगू नका म्हणालास. त्यानं माणूस मरतो, शालिकराम. तुला माहीत होतं."

हसू थांबलं.

"बाई," गर्दीतून एक बाई उठली. लोधीखेड्याची शोभा, हातात आजच घेतलेला पुडा. "माह्या सोनालीचं उद्या आपरेशन हाय. टॉन्सिलचं. सात वर्साची हाय. हे... हे तिले सकाऊन द्याचं होतं."

अमिता तिच्याजवळ गेली. तिनं 'उपास' हा शब्द उच्चारला नाही.

"तिला सकाळी काही द्यायचं नाही. साबुदाणा नाही, दूध नाही, लाडू नाही, प्रसाद नाही. शेवटचं खाणं रात्री किती वाजता अन् पाणी कितीपर्यंत, ते तुमच्या डॉक्टरला आजच फोन करून विचारून घ्या. अन् चुकून काही खाल्लं तर लपवायचं नाही, सांगून टाकायचं. कोणी रागावलं तर रागावू द्या."

मग ती माइककडे वळली. तिला भाषण येत नव्हतं, म्हणून तिनं थोडक्यात सांगितलं. "सगळ्यांनाच सांगते. भीती सगळ्यांना वाटते, मलाही वाटेल. पण भीती वाटली की दोरा बांधू नका, विचारा. ही सुई कशाची? हिनं काय होईल? का देता? तुम्हाला विचारायचा हक्क आहे अन् आम्हाला सांगावं लागते. जो म्हणेल विचारू नका, डॉक्टरला सांगू नका, त्याच्यापासून पोरंबाळं घेऊन उठा."

शोभानं पुडा गादीसमोर ठेवला, पदरातून मोबाइल काढला आणि घरी फोन लावला. तिच्यामागे माणसं आपापले पुडे घेऊन रांगेत उभी राहू लागली होती.